मी घरीच असते

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून लाल पेन दिलं, ही गोष्ट आमच्या गल्लीत अजून निघते. कुणाकडे बारसं असो नाहीतर तेराव्याचं जेवण, एखादी तरी विचारतेच, "त्या पेनवाल्या ना तुम्ही?" आमच्या जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या बायकांनी आजवर वाणात स्टीलच्या वाट्या पाहिल्या, प्लास्टिकचे डबे पाहिले, एका वर्षी तर कुणी डासांच्या अगरबत्तीचं पाकीट दिलं होतं. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. लाल पेन मात्र शेजारच्या काकू बराच वेळ उलटसुलट करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, स्टीलचं काही नव्हतं का?"

पेनाला दोऱ्याने माझं कार्ड बांधलेलं होतं. त्यावर नाव, फोन नंबर आणि खाली 'मराठी पुस्तकांचं संपादन'. हे सगळं माझ्या लेकीचं डोकं. ती बंगलोरला असते आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकते.

मी लोकांची पुस्तकं दुरुस्त करते. इंदुरात संपादक म्हटलं की लोकांना पेपरवाला वाटतो आणि ते लगेच नळाला पाणी येत नाही हे सांगायला लागतात. म्हणून मी कुठे फारसं सांगतच नसे. लेखक लिहितो, ते माझ्याकडे येतं, मी फाफटपसारा काढते, अडखळणारी वाक्यं चालती करते, एकच गोष्ट दोनदा आली असेल तर एकदा ठेवते. साडीला फॉल लावतात तसं हे काम आहे. टाका वरून दिसला तर लावणारीचं चुकलं.

पुण्याचे एक प्रकाशक वर्षानुवर्षं मला काम पाठवायचे. एकटे गृहस्थ, त्यांचं कार्यालय म्हणजे एक खोली आणि एक टेबल. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नाही. ते गेले, मुलाने कार्यालय बंद केलं, आणि माझं काम थांबलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय करते हे जगात ज्याला माहीत होतं, असा माणूस तो एकच होता.

माझी धाकटी जाऊ प्ले-स्कूल चालवते. चांगली बाई आहे, पण तिचं प्रत्येक वाक्य दुकानाच्या बोर्डावर लिहिल्यासारखं असतं. ती म्हणाली, "भाभी, घरात बसून काय करताय? दसऱ्यापासून माझ्याकडे या. फ्रंट डेस्कला तुमच्यासारखी सोबर बाईच पाहिजे." फ्रंट डेस्क म्हणजे दारातलं टेबल. तिथे बसून येणाऱ्या आयांना हसून 'गुड मॉर्निंग मॅम' म्हणायचं आणि हरवलेल्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या. मी म्हटलं, बघू. दसऱ्याच्या आत काम मिळालं तर ठीक, नाहीतर बाटल्या. मला मनातून नको होतं ते. वयाच्या बावन्नाव्या वर्षी आपल्याला एकच गोष्ट नीट येते आणि ती कुणाला नको आहे, हे कळणं काही सुखाचं नसतं.

लेक म्हणाली, "आई, यू हॅव टू बी व्हिजिबल. लोकांना कळलं पाहिजे ना तू आहेस म्हणून." जाऊ म्हणाली, "जो दिखता है वो बिकता है." नवरा काही म्हणाला नाही. वीज मंडळात तीस वर्षं काढल्याने त्याला न बोलण्याची सवय आहे.

लेकीने नोकरीधंद्याच्या कुठल्याशा साइटवर माझं पान उघडून दिलं. त्यावर लिहिलं होतं की मी शब्दांची शिल्पकार असून लेखकांच्या स्वप्नांना आकार देते, भाषेवर माझी असीम निष्ठा आहे आणि प्रत्येक हस्तलिखित हा माझ्यासाठी एक प्रवास असतो. मी ते वाचलं. 'शिल्पकार' काढलं. 'स्वप्न' काढलं. 'असीम' तर काढायलाच हवं होतं. 'प्रवास' काढला. चहा होईपर्यंत 'मजकूर तपासून मिळेल' एवढंच उरलं. लेकीने फोनवर विचारलं, "आई, हे पिठाच्या गिरणीचं आहे का?" पण वाक्यात चूक काही नव्हती.

मग कार्ड. राजवाड्यामागच्या बोळात एक छापणारे भैया, आमच्या इंदुरी बोलीत भिया, आहेत, त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, पीछे पूरा खाली जा रहा है. शादी के कार्ड, बायोडाटा, ये भी डाल दूँ?" मी नको म्हटलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू ही बाई धंद्यात वर्षभर टिकत नाही.

हळदीकुंकवानंतर मला एकच फोन आला, तो मुलाच्या लग्नाच्या बायोडाट्यासाठी. "नोकरी नाहीये, पण वाचताना वाटली पाहिजे." मी तो तपासून दिला. चार विशेषणं कमी केली, मुलगा तसाच राहिला. त्यांना काही तो आवडला नाही.

पण एक पेन मात्र चाललं. आमच्या गल्लीतल्या एकीने ते बँकेत नेलं. तिच्या शेजारच्या टेबलावर महूची एक मुलगी बसते. तिने पेन मागितलं, ते दोऱ्यातल्या कार्डासकट घरी नेलं आणि तिथे सासऱ्यांनी ते कार्ड गुपचूप वाचलं. आठवड्याने ते सासरे महूहून बस पकडून माझ्या दारात उभे. रेल्वेतून रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट, पायांत चकचकीत बूट, काखेत प्लास्टिकची फाइल. "जय भीम, ताई. आपल्याकडे पुस्तक ठीक करून मिळतं ना?"

त्यांच्या घरातली दोन पिढ्यांची माणसं महूला पलटणीत होती. पुस्तक त्यांच्या बाबांवर होतं. बाबा पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि पेन्शनीत आल्यावर लग्नाच्या बँडमध्ये. या महूच्या काकांनी लिहिलं मनापासून होतं, पण त्यांचं एक वाक्य सुरू झालं की पानाच्या तळाशी जाऊन पाणी पिऊन परत वर यायचं.

चहा झाल्यावर ते खुर्चीत जरा पुढे सरकले. "ताई, क्या है कि, घरात मी सगळ्यांना सांगून बसलोय, पुस्तक मी एकट्याने लिहिलंय. सुना, व्याही, सगळे. आता तुम्ही हात लावला हे कळलं तर..."

"कळणार नाही."

"पक्का?"

"काका, माझं कामच ते आहे. मी कुणाला सांगत नाही, तुम्हीही सांगू नका."

हे मी मोठ्या रुबाबात म्हटलं. त्याच सकाळी लेकीने मला लोकांकडून चार-चार ओळींचे अभिप्राय मागवायला सांगितलं होतं. ज्याचं काम चांगलं केलं, तो माणूस कधीच अभिप्राय देणार नाही, ही गोष्ट तिला काही केल्या पटेना.

उन्हाळाभर आम्ही पुस्तक केलं. काका दर आठवड्याला यायचे. मी खुणा केलेली पानं पुढे ठेवायची, ते चष्मा पुसायचे, वाचायचे, चहाचा घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "काटो." कधीही वाद नाही. एकदा मी विचारलं, "काका, तुम्हाला वाईट नाही वाटत?" म्हणाले, "बाबा म्हणायचे, बँडमास्तरने हात खाली केला की थांबायचं. क्यों, ते विचारायचं नाही. तुम्ही काटलं की मी विचारणार नाही."

एकदाच ते थांबले. पुस्तकात एक वाक्य होतं, 'बाबा लग्नात वाजवून घरी यायचे आणि मग जेवायचे.' बाजूला मी लिहिलं होतं, 'लग्नात जेवण नसे का? खुलासा करा.' काकांनी ते वाचलं. "असायचं ना जेवण. पंगत असायची." एवढं बोलून त्यांनी ते पान उलटं ठेवलं. मग म्हणाले, "हे असंच राहू द्या ताई. ज्याला समजायचं त्याला समजेल." मला माझ्या प्रश्नाची इतकी लाज वाटली की मी उठून उगाच पोहे टाकले. ते वाक्य तसंच राहिलं. अख्ख्या पुस्तकातलं ते सगळ्यात चांगलं वाक्य आहे आणि त्यात माझं काहीही नाही.

पावसाळा सरता सरता पुस्तक छापून आलं. प्रकाशन इंदूरच्या एका मराठी मंडळाच्या हॉलमध्ये ठरलं आणि पत्रिका आली. प्रमुख पाहुणे म्हणून पुण्याच्या एका मोठ्या प्रकाशकांचं नाव. त्यांची सासुरवाडी इंदूरची, त्यामुळे ते आले की कुणी ना कुणी त्यांना धरून स्टेजवर बसवतं. लेक फोनवर किंचाळलीच. याच प्रकाशकांना घरी बसून काम करणारे संपादक हवे होते, तिनेच ती जाहिरात शोधली होती, आणि मी त्यांना दोनदा मेल केला होता. उत्तर आलं नव्हतं.

"आई, काकांना सांग, स्टेजवरून तुझं नाव घ्या म्हणावं. बस. तो माणूस तिथेच बसलेला असणार. एक वाक्य, आई!"

"मी त्यांना शब्द दिलाय."

"शब्द तू सांगणार नाहीस असा दिलायस. ते सांगू शकतात ना!"

वकील व्हायची ती. पण मला काही ते तोंडातून निघेना. दोनदा काकांना फोन लावला आणि दोनदा त्यांच्या घरच्या काकूंच्या गुडघ्याची चौकशी करून ठेवला.

आणि मग काकांचाच फोन आला. "ताई, मी ठरवलं. तुमचं नाव घेणार. भर सभेत. घरात जे व्हायचं ते होईल. बाबांच्या पुस्तकाला झूठ नको." मी रीतीप्रमाणे 'अहो, कशाला, कशाला' म्हटलं. फोन ठेवला आणि चांगली साडी इस्त्रीला काढली. सांगायला काय हरकत आहे, त्या दिवशी मी घरात गुणगुणत होते. दसऱ्याला अजून वेळ होता.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवर भाषण आलं. 'ताई, जरा नजर टाकून द्या. मंडळवाले सात मिनिटं म्हणतात.' भाषण पाऊण तासाचं होतं. नमनालाच घडाभर तेल. मी नवऱ्याला घड्याळ लावून समोर बसवलं आणि मोठ्याने वाचत कापायला लागले. मंडळाचा इतिहास गेला. हवामान गेलं. आठ मान्यवर एका ओळीत आले. आणि मग बाबा आले, बँडचा कोट आला, क्लॅरिनेटची पेटी आली, आणि शेवटी ते वाक्य, लग्नात वाजवून घरी येऊन जेवायचं. तिथे भाषण संपलं की ऐकणाऱ्याला घरी जेवायला बसताना ते आठवणार, हे मला वाचतानाच कळलं.

पण तिथे ते संपत नव्हतं. पुढे एक मोठा परिच्छेद माझ्यावर होता. माझ्या लेखणीला सरस्वतीचं वरदान होतं. माझ्या घरचे पोहेसुद्धा होते. मी तो अर्धा केला. मग दोन ओळींचा केला. तरी बाबांच्या जेवणानंतर एकदम ही कोण बाई आली, असं वाटत होतं. तो उचलून सुरुवातीला नेला. तिथे तो विजेच्या खांबासारखा नुसता उभा राहिला. मधे बसवून पाहिला, तर कोट आणि क्लॅरिनेट यांची फारकत झाली. शेवटी मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने तो काढून ठेवला आणि त्याच्याशिवाय भाषण कसं वाटतं ते एकदा वाचून पाहिलं.

उत्तम वाटलं. सात मिनिटांत बसत होतं. मी पाठवून दिलं आणि आंघोळीला गेले.

संध्याकाळी आम्ही ऑटोने निघालो. राजवाड्यापाशी नेहमीसारखी कोंडी. पुढे हातगाडी, मागे मालाचा लोडिंगवाला टेम्पो, सगळे एकमेकांना 'भिया, जरा आगे ले' म्हणतायत आणि पुढे जागाच नाही. नवऱ्याने सहज विचारलं, "तुझं नाव शेवटी येतं की मधे?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"काटलं."

ऑटो थोडी सरकली, परत थांबली. नवऱ्याने समोरच्या बसवरची शिकवणीची जाहिरात पूर्ण वाचली. मग म्हणाला, "का?"

"बसत नव्हतं."

हे मी मोठ्याने म्हटलं तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी काय करून ठेवलंय. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ असतात, पण तो असा मापात बसवून कुणी मारत नसेल. काकांना फोन लावला, तो उचलला गेला नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलं, 'काका, सकाळी गाळलेला माझ्यावरचा परिच्छेद कृपया परत घालावा.' वाचून पाहिलं. स्वतःची स्तुती परत घाला म्हणून कोण सांगतं? 'कृपया' काढलं. 'माझ्यावरचा' काढलं. मग सगळंच पुसलं. नवरा बघत होता. एरवी गरीब माणूस, पण त्या वेळी तो म्हणाला, "धन्य आहे."

हॉल भरला होता. महूहून काकांची सगळी माणसं आली होती. पहिल्या रांगेत सुना, व्याही, नातवंडं, आणि मधोमध त्यांची थोरली बहीण. तिला सगळे आक्का म्हणत. ऐंशीच्या पुढची, पांढरी साडी निळ्या काठाची, हातात काठी. प्रकाशक स्टेजवर, घड्याळाकडे बघत.

काका उठले. त्यांनी खिशातून कागद काढला तेव्हा मला वाटलं, घालतील. सकाळी त्यांनी बघितलंच असेल की परिच्छेद नाहीये, आपल्या आठवणीने घालतील. मी जिवाचा कान करून बसले. मान्यवर एका ओळीत झाले. कोट आला. क्लॅरिनेट आलं. खुर्च्यांचं कुरकुरणं थांबलं. 'बाबा लग्नात वाजवून घरी यायचे आणि मग जेवायचे.' काकांनी कागदाची घडी घातली आणि खाली बसले.

मागे कुणीतरी नाक ओढलं. मग टाळ्या झाल्या त्या अशा की प्रकाशक उभे राहिले. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं, पण त्यातलं बाबांसाठी किती आणि माझ्यासाठी किती, ते मला सांगता यायचं नाही.

चहाच्या टेबलापाशी प्रकाशकांनी काकांना गाठलं. मी दोन हातांवर उभी होते, हातात कप. ते म्हणाले, "अहो, हल्ली इतकं नेटकं कुणी बोलत नाही. पुस्तकही चाळलं मी, एक शब्द इकडचा तिकडे नाही. कुणाकडून करून घेतलंत?"

काका गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सरळ प्रश्न होता, सांगू? तेवढ्यात आक्कांनी काठी आपटली. "कुणाकडून म्हणजे? माझ्या भावाने लिहिलंय. एका अक्षराला कुणी हात लावलेला नाही. आमचा बाबाच बोलतोय त्याच्यातून." सुना कौतुकाने हसल्या. व्याही म्हणाले, "वा, वा." काकांचे कान लाल झाले होते आणि ते अजून माझ्याकडेच बघत होते.

मी मान हलवली. नाही.

प्रकाशकांच्या लक्षात आलं की इथे आणखी एक बाई उभी आहे. शिष्टाचाराचे होते ते. माझ्याकडे वळून म्हणाले, "आपण काय करता?"

हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा म्हणून मी संक्रांतीपासून पेनं वाटत होते. पर्समध्ये कार्ड होतं. लेकीने तीस सेकंदांत स्वतःबद्दल काय बोलायचं ते पाठ करून घेतलं होतं. समोर काकांचे लाल कान आणि त्यांचं सगळं गणगोत.

"मी घरीच असते," मी म्हटलं.

"वा, छान," ते म्हणाले आणि कचोरी घ्यायला वळले.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती ओरडली नाही. ओरडली असती तरी बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाली, "आई, जेवलीस का?" दुसऱ्या दिवशी जावेचा फोन आला, आणि मी सांगून टाकलं की दसऱ्यापासून येते. ती म्हणाली, "भाभी, सुपर! मी तुमचा बॅज बनवते." नवरा बाहेर गेला होता. मी दार लावून नीट रडले. काम मिळालं नाही याचं नव्हतंच रडू. माझ्या कामाला हॉलभर लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या मी एकटीनेच स्वतःसाठी ऐकल्या, त्याचं होतं.

काकांचा फोन आला तो चार दिवसांनी. आवाज पडलेला. "ताई, मला वाटलं तुम्हाला नको आहे. तुम्ही काटलं होतं ना. तुम्ही काटलं की मी विचारत नाही."

"बरोबर केलंत काका. भाषण छान झालं."

"वो तो आहेच," ते म्हणाले. "पण घरात मला जेवण जात नाहीये."

मी त्यांची समजूत घातली. काय करणार? त्यांनी माझी शिस्त माझ्यापेक्षा नीट पाळली होती.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात एका अनोळखी नंबरावरून व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप आला. आधी खोकला, मग कोंबडा, मग एक ओळखीचा खणखणीत आवाज. "हे दाबून धरायचं का गं? बरं. मी आक्का बोलते, महूहून. तुझा नंबर भाचेसुनेच्या लाल पेनावरून घेतला. ऐक. माझ्या भावाचं वाक्य महूला सुरू होतं ते राऊ स्टेशनला पोचलं तरी थांबत नाही, हे मला साठ वर्षांपासून ठाऊक आहे. पुस्तकात सगळी वाक्यं महूतच थांबलीत. मी काय खुळी आहे? आणि सभेत सगळे त्याचं तोंड बघत होते, तू त्याच्या हातातला कागद बघत होतीस. तुझे ओठ हलत होते. तो वाचायच्या आधी हलत होते."

निरोप तिथे तुटला. लगेच दुसरा आला.

"तिथे त्याच्या सुना उभ्या होत्या, व्याही उभे होते. भावाची लाज मी नाही राखणार तर कोण राखणार? म्हणून बोलले तशी. तुला लागलं असेल. तू मान हलवलीस ते मी पाहिलं. त्याच वेळी ठरवलं, हिच्याकडेच द्यायचं. त्याने बाबा लिहिला तो बँडचा कोट घातलेला. कोट काढून घरी आलेला बाबा मी पाहिलाय, हा तेव्हा जन्मला पण नव्हता. ते सगळं मला सांगायचंय. मी चौथी शिकलेली, मला लिहिता येत नाही, मी बोलेन. तू लिही. सध्या भावाला सांगू नको, नाहीतर तोच लिहून देतो म्हणेल."

तिसरा निरोप लहान होता. "आणि पहिल्या पानावर छापायचं, मी बोलले, हिने लिहिलं. खाली तुझं नाव. मला मदत घेतल्याची कसली आलीय लाज?"

मी ते निरोप ऐकले, नवऱ्याला ऐकवले, परत ऐकले. तो म्हणाला, "आता हे कापू नकोस." मग मी जावेला फोन केला. म्हटलं, "दसऱ्याचं नाही जमणार गं. मला काम आहे." ती म्हणाली, "अरे, पण बॅज बनवला ना मी!" तो बॅज अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

आक्का वर्षभर बोलल्या. रोज सकाळी कोंबड्यासकट निरोप यायचे, मी ऐकून लिहायचे, त्यांना फोनवर वाचून दाखवायचे. त्या काकांसारख्या नव्हत्या. प्रत्येक कापलेल्या शब्दासाठी भांडायच्या आणि बहुतेक वेळा जिंकायच्या. 'पंगत'वर त्या अख्खा दिवस बोलल्या. त्या दिवशी मी एकही प्रश्न विचारला नाही.

पुस्तक छपाईला जायच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे सगळी पानं कागदावर काढून पुन्हा एकदा वाचली. पहिल्या पानावर ती ओळ होती, 'मी बोलले, हिने लिहिलं', आणि खाली माझं नाव. खोटं कशाला सांगू, ती ओळ काढली असती तरी पुस्तकाचं काही बिघडत नव्हतं. उलट पान जास्त स्वच्छ दिसलं असतं. मी लाल पेन उचललं, उघडलं, आणि बराच वेळ त्या ओळीवर धरून बसले. मग टोपण लावलं आणि पान होतं तसं पाठवून दिलं.